अंगणवाडीचे घड्याळ

पहाटेच्या मिस्सापूर्वी अर्धा तास पायी फिरून येण्याची आमची जुनी सवय आहे. सेमिनरीतील शिस्तीची ती उरलेली खूण म्हणा, अथवा डॉक्टरांच्या आज्ञेचे पालन म्हणा. अंबरनाथच्या पूर्वेकडील वस्तीतून स्थानकाकडे जाणारा रस्ता त्या वेळी अंधारात असतो, परंतु तो निजलेला नसतो. खांद्याला पिशवी, हातात डबा आणि डोळ्यांत अपुरी झोप घेऊन स्त्रिया झपझप पावले टाकीत असतात. त्यांतील एखादीच्या खांद्यावर पिशवीऐवजी टॉवेलात गुंडाळलेले मूल असते. गल्लीच्या तोंडाशी एक दार किलकिले होते, आतून दोन हात पुढे येतात, मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते आणि आई मागे वळून न पाहता गाडी गाठण्यासाठी धावू लागते. हा व्यवहार इतका नित्याचा झाला आहे, की दोघी स्त्रिया एकमेकींशी शब्ददेखील बोलत नाहीत.

वाचकहो, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एका दोरीत ओवलेली तीन नगरे. २०११ च्या जनगणनेनुसार पहिल्याची वस्ती पाच लाखांवर, दुसऱ्याची सुमारे अडीच लाख आणि तिसऱ्याची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर विशेषतः बदलापुरात जी उंच घरे उभी राहिली, ती पाहता आजचा आकडा खचितच मोठा असणार. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे येथे येतात. घर स्वस्त मिळते, त्याची उरलेली किंमत मात्र रोज तासांमध्ये चुकवावी लागते. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात तीन तासांहून अधिक वेळ खर्ची पडतो. आठ-नऊ तासांची नोकरी धरली, की आई आपल्या बाळापासून बारा-तेरा तास दूर असते.

या बारा-तेरा तासांत त्या बाळाचे काय होते, हा प्रश्न आम्हांस फार उशिरा पडला. तो कसा पडला, हे सांगितल्यावाचून पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आई कार्यालयात आली. मूळची जालन्याकडची. नवरा गवंडीकाम करणारा. ती स्वतः दादरला एका कचेरीत ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करी. थोरली मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा मुलगा दीड वर्षाचा. शेजारची ज्या आजीबाई बाळाला सांभाळीत, त्या कायमच्या गावी निघून गेल्या होत्या. ती म्हणाली, “फादर, मला मिळतात अकरा हजार. पाळणाघरवाली बाई साडेतीन हजार मागते, आणि सहाला बंद करते. मी घरी पोचते आठला. आपला हॉल दिवसभर रिकामाच असतो. आम्ही चार-पाच बायका मिळून कोणालातरी ठेवू. फक्त जागा द्या.”

आम्ही तिला बसावयास सांगितले आणि नंतर बराच वेळ समजावून सांगितले. लहान मुलांची जबाबदारी मोठी असते. एखादे पडले, भाजले, तर उत्तर कोण देणार? विश्वस्त मंडळाची परवानगी लागेल. सभागृह विवाहसमारंभांसाठी राखून ठेवावे लागते. एकाला दिले तर दहाजण मागतील. यांतील प्रत्येक कारण खरे होते. ती ऐकून घेऊन उठली आणि जाताना म्हणाली, “बरं फादर, बघते मी.” सगळी खरी कारणे सांगूनही आपण काहीतरी असत्य बोललो आहोत, अशी टोचणी आम्हांस त्या रात्री लागली, परंतु सकाळी ती गेली. सकाळी टोचण्या जातातच.

पुढे तिची थोरली मुलगी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गास येईनाशी झाली. तीन रविवार लोटल्यावर आम्ही एका बुधवारी दुपारी तिच्या घरी गेलो. दार मुलीनेच उघडले. कमरेवर भाऊ होता. शेगडीवर भात होता. आम्ही शाळेविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आई कामाला गेलीय, फादर. बाळ झोपला की मी वाचते.” आणि मग थोडे थांबून तिने विचारले, “आमच्या वर्गाची चाचणी झाली का? तुम्हांला माहीत आहे?”

आम्हांस माहीत नव्हते. तिच्या आईने ‘बघते मी’ म्हणून जे पाहिले होते, ते हे होते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा मागोवा घेऊ लागलो. धर्मगुरूचा हा प्रांत नव्हे, असे एका ज्येष्ठ मित्राने सुचविलेही. परंतु चूक ज्याच्या हातून घडते, त्याने तिचा इतिहास जाणून घेतला पाहिजे.

हा इतिहास वस्तुतः आमच्याच अंगणातील आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात मोडतात. २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडी मुलांच्या दारी नेली. वाडीतील एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हाच वर्ग झाला. पाने, शिंपले, बिया हीच साधने झाली. मोठी बहीण धाकट्याला घेऊन आली, तर तिला परत न पाठविता दोघांचीही सोय लावली जाई. अंगणवाडी ही कल्पना अशी आकारास आली. मूल येत नसेल तर दोष मुलाचा नसून व्यवस्थेचा आहे, हे त्या दोघींनी आमच्यापेक्षा किती तरी आधी ओळखले होते.

शासनाने हा शब्द उचलला तो २ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्या दिवशी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, तसेच तीन ते सहा वयाच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, आणि हे सर्व विनामूल्य, अशी ती योजना. पुढे अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला, की प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळावी, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले असूनही अंगणवाडी नाही, तिने मागणी करताच तीन महिन्यांच्या आत ती द्यावी. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. हे लहान काम नव्हे. आमच्या वस्तीतील कित्येक मुलांच्या पोटात दिवसाचे पहिले गरम अन्न अंगणवाडीतच पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु अंगणवाडीच्या भिंतीवर जे घड्याळ आहे, ते आईच्या मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही. अंगणवाडीचा दिवस चार-पाच तासांचा. आईचा बारा-तेरा तासांचा. अंगणवाडी उघडण्यापूर्वी आई ठाण्याच्या पुढे पोहोचलेली असते, आणि अंगणवाडी बंद होते तेव्हा तिची दुपारची भाकरीही खाऊन झालेली नसते. शिवाय तीन वर्षांखालील बाळासाठी अंगणवाडी प्रामुख्याने घरी न्यावयाचा आहार देते. त्याला दिवसभर कडेवर घेण्यासाठी तेथे हात नाहीत. ही अंगणवाडी सेविकेची उणीव नव्हे. आई घरी आहे, असे गृहीत धरूनच ही योजना आखली गेली होती.

आई घरी नसते, हे कायद्याला ठाऊक नव्हते असेही नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने कामगार स्त्रियांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. प्रारंभी ही अट ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती ३० वर आली. इमारत-बांधकामाच्या ठिकाणी ५० हून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर हवे, असे १९९६ च्या कायद्याने म्हटले. २०१७ च्या प्रसूतिलाभ सुधारणा कायद्याने रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे दायित्व टाकले. आईने दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यावे, अशी सोयही त्यात केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० हाच आकडा आहे.

आता या आकड्यांना आमच्या तीन नगरांत फिरवून आणावे. उल्हासनगर हे मूळचे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. ज्यांनी सारे गमावले होते, त्या लोकांनी घराघरांतून उद्योग उभारले. तेथील जीन्सचे कापड आजही अनेक बायका घरी बसून हाताळतात: धागे कापणे, बटणे लावणे, घड्या घालणे. प्रत्येक नगामागे काही पैसे. या घरांत ५० कामगार नसतात. एक आई असते आणि तिच्या शेजारी कात्रीच्या टप्प्यात रांगणारे एक मूल असते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखान्यांची रांग आहे. तेथील स्त्रिया पुष्कळदा ठेकेदाराच्या पटावर असतात, त्यामुळे कारखान्याच्या पटावर आकडा भरतच नाही. बदलापुरात इमारती बांधणाऱ्या स्त्रियांची मुले वाळूच्या ढिगावर खेळताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. आणि जी आई दादरला कचेरी झाडते, तिला तेथे पाळणाघर मिळाले, तरी दीड वर्षाच्या मुलाला घेऊन सकाळच्या गाडीत शिरणार कशी?

म्हणून पाळणाघर हवे ते वस्तीत, आणि मालकाच्या नव्हे तर समाजाच्या खर्चाने. हा विचारही नवा नाही. १९६९ साली दिल्लीत गांधीजन्मशताब्दीच्या बांधकामाच्या जागी मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी ‘मोबाईल क्रेशेस’चे काम सुरू केले. ते १९७२ मध्ये मुंबईतही आले. शासनाने १ जानेवारी २००६ पासून नोकरी करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना राबविली. सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ मुले, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास. योजना चांगली. अनुदान किती? एका पाळणाघरास वर्षाला ४२,३८४ रुपये. आम्ही कागदावर भागाकार केला. दरमहा ३,५३२ रुपये. एका बाळामागे महिन्याला १४१ रुपये. त्यातच दोन सेविकांचे मिळून २,००० रुपये मानधन, आणि एका बाळाच्या एका दिवसाच्या आहारासाठी २ रुपये ८ पैसे.

१ जानेवारी २०१७ पासून या योजनेचे स्वरूप बदलले. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ३० टक्के राज्याचा आणि १० टक्के संस्थेचा ठरला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने महिन्याला २० रुपये, आईबापांचे मिळून १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास १०० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास २०० रुपये द्यावेत, असे शुल्क ठरले. गरीब आईस परवडेल असे हे दर होते, यात शंका नाही. परंतु स्वस्त पाळणाघर आईच्या उपयोगी पडावयाचे, तर आधी ते अस्तित्वात असावे लागते. या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी देशभर अशी बावीस हजारांहून अधिक पाळणाघरे होती; २०२० पर्यंत ती सुमारे साडेसहा हजारांवर आली. अनुदान अपुरे, आणि तेही हप्त्याहप्त्याने येणार. भाडे मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. लहान संस्था किती दिवस तग धरणार?

१ एप्रिल २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजना आली. तिच्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते: आई नोकरी करते की नाही, याचा दाखला न मागता प्रत्येक मातेच्या मुलास प्रवेश असावा, हे तिने तत्त्व म्हणून स्वीकारले. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढावे आणि देशात अशी १७,००० केंद्रे व्हावीत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. दिशा योग्य आहे. फक्त १७,००० हा आकडा एकट्या महाराष्ट्रातील १ लाख १० हजार अंगणवाड्यांशेजारी ठेवून पाहावा, म्हणजे वाट किती लांबची आहे ते कळते.

आणि या सर्व योजना ज्यांच्या खांद्यांवर आहेत, त्या सेविका? शासन त्यांना कर्मचारी न म्हणता मानसेवी म्हणते, आणि त्यांना वेतन न देता मानधन देते. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनी दीर्घ संप केला. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्याने सेविकांच्या मानधनात ३,००० आणि मदतनिसांच्या मानधनात २,००० रुपयांची वाढ घोषित केली. त्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क मान्य केला होता. दुसऱ्याचे मूल सांभाळणारी स्त्रीही स्वतःचे मूल कोठे तरी ठेवूनच आलेली असते, हे आपण विसरतो.

येथे आमच्या एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थाने घेतलेला आक्षेप नमूद केला पाहिजे. ते म्हणाले, “फादर, मूल हे आईनेच सांभाळावे. तुम्ही असल्या सोयी केल्यात तर घरे मोडतील.” आईच्या सहवासाला पर्याय नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण ज्या घरी दोन पगारांवाचून भाडे निघत नाही, तेथे आईने घरी राहावे हा उपदेश म्हणजे मुलाने उपाशी राहावे असे सांगणे होय. आणि आई बाहेर पडली की घरात कोण उरते? आजी असेल तर ठीक. नसेल, तर नऊ वर्षांची बहीण. पाळणाघर नाकारल्याने आई घरी राहत नाही. मुलगी शाळेतून घरी येते. आमच्या डोळ्यांपुढे हे घडले आहे, म्हणून आम्ही ते ठामपणे लिहितो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करावयास लावणारा होता. जुलै २०२४ पासून राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेखाली पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची सुरुवात झाली. मग वेगळे अनुदान कशाला, आईने त्यांतूनच पाळणाघराचे पैसे द्यावेत, असे काहीजण म्हणतात. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा येणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यातून औषध येते, वही येते. परंतु १,५०० रुपयांनी वस्तीत हवेशीर खोली निर्माण होत नाही, प्रशिक्षित बाई तयार होत नाही, आणि रात्री आठपर्यंत दार उघडे राहत नाही. रोख रक्कम एकेकीच्या हातात पडते. पाळणाघर ही चौघींनी मिळून वापरावयाची वस्तू आहे. विहीर हवी असलेल्या गावाला घरटी बादली वाटून भागत नाही.

दूरच्या देशांचा अनुभवही हेच सांगतो. उल्हासनगरच्या भूमीवर युद्धासाठी बराकी होत्या, त्याच काळात, १९४३ पासून, अमेरिकेत युद्धसाहित्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या मातांसाठी लॅनहॅम कायद्याच्या निधीतून सरकारी पाळणाघरे चालविली गेली. आईने दिवसाला अर्ध्या डॉलरच्या आसपास द्यावयाचे, उरलेले शासनाने. १९४६ मध्ये युद्धाबरोबर निधीही संपला. मुलांची गरज संपली नव्हती. शासनाची संपली होती. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या अल्प दराने पाळणाघरे सुरू केली, आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या संघशासनाने पाच वर्षांसाठी तीस अब्ज डॉलर काढून ठेवून देशभर सरासरी दहा डॉलरचा दर आणण्याचा संकल्प सोडला. शुल्क उतरले, कुटुंबांना मोठाच दिलासा मिळाला. पण दारापुढील प्रतीक्षायादीही वाढली, कारण जागा आणि प्रशिक्षित शिक्षिका त्या वेगाने वाढल्या नाहीत. शुल्क, जागा आणि सांभाळणारीचे वेतन या तीन पायांपैकी एक जरी आखूड राहिला, तरी पाळणा डुगडुगतो. श्रीमंत देशालाही हा नियम चुकला नाही.

एक चौथी गोष्टही आहे. ती लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन चार वर्षांच्या बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात कित्येक तास रेल्वे अडवून धरली. त्या दिवशी रुळांवर उतरलेल्यांत आमच्या परिचयाच्या आयाही होत्या. त्यांच्यापैकी एक नंतर म्हणाली, “पैसे भरून ठेवलं तिथेसुद्धा भरवसा नाही, तर मग ठेवायचं कुठं?” या प्रश्नाला स्वस्ताई हे उत्तर नव्हे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ४५ वे कलम बदलून, सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना संगोपन व शिक्षण देण्यासाठी राज्याने झटावे, असे म्हटले. झटावे, द्यावेच, असे नाही. या एका क्रियापदाच्या फटीत आपली सर्वांत लहान मुले राहतात. शासनाचा पैसा येतो तेथे तपासणीही आली पाहिजे, आयांची देखरेख समितीही आली पाहिजे. आणि जेथे शासनाचा पैसा नाही तेथेही नोंदणी व तपासणी सक्तीची हवी.

आता पुन्हा आमच्या सभागृहाकडे येतो. त्या बुधवारनंतर आम्ही एक साधे काम केले. महिनाभर सभागृहाच्या किल्लीची नोंद ठेवली. तीस दिवसांपैकी सव्वीस दिवस सकाळी सहा ते रात्री आठ या वेळात दार उघडलेच गेले नव्हते. ती वही आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवली आणि तिच्यासोबत आम्ही त्या आईस दिलेली कारणेही वाचून दाखविली. फार वेळ कोणी बोलले नाही. मग एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, “पडेल, भाजेल ही भीती खरी आहे, फादर. पण ती नऊ वर्षांच्या पोरीजवळ आपण ठेवली आहे.”

सभागृहात आज चौदा मुले असतात. त्यांत निम्म्याहून अधिक आमच्या धर्मग्रामातील नाहीत, आणि तसे कोणी विचारीतही नाही. दोन पाळ्यांत चार बायका काम करतात. खिडक्यांना जाळी बसविली, स्वयंपाकाची जागा दाराने वेगळी केली, आणि कोणत्याही आईने कोणत्याही वेळी न सांगता आत यावे, असा नियम केला. दरमहा ५०० रुपये घेतो. त्यात खर्च भागत नाही; उरलेले दात्यांकडून येते. येत्या मार्चपर्यंतची सोय झाली आहे. त्यापुढची नाही. दानशूरपणा हा पावसासारखा आहे. तो पडतो तेव्हा आनंद होतो, पण त्यावर बारमाही पीक घेता येत नाही. त्यासाठी पाटाचे पाणीच लागते. म्हणून वस्तीतील अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर मिळावे, असा अर्ज आयांनी आपल्या सह्यांनिशी केला आहे. तो मंजूर झाला, तर आमचे सभागृह विनामूल्य देण्याचा ठराव मंडळाने केला आहे. विवाहसमारंभ शनिवारी-रविवारी होतील.

ती थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली आहे. कायद्याप्रमाणे ती वरच्या वर्गात गेली. भागाकार मात्र मागे राहिला. शाळा सुटल्यावर ती सभागृहात येते, भावाला एकदा पाहून घेते आणि कोपऱ्यात वही उघडून बसते. परवा आम्ही तिच्याजवळ बसून तीन अंकी भागाकार शिकवीत होतो. गाडी उशिरा होती. आठ वाजून गेले, तशी ती वरचेवर भिंतीवरील घड्याळाकडे पाहू लागली. आम्ही विचारले, “काय झाले?”

ती म्हणाली, “आठला बंद करता ना? मग बाळाला मी घेऊ का?”

आई येईपर्यंत दार बंद होत नसते, असे आम्ही तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि पुन्हा वहीत डोके घातले. तिचा विश्वास बसला की नाही, ते आम्हांस कळले नाही. विश्वास बसावा असे आपण मोठ्या माणसांनी आजवर फारसे काही केलेले नाही. मार्चनंतर काय करतो, हे ती पाहीलच.